लागेल ते वर

मित्रांनो, मी एक जुनी किटबॅग आहे आणि मला एका जागी बसवत नाही. जाड हिरवं कापड, तोंडाला दोरी आणि पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं एक नाव: हवालदार आकाराम. त्याखाली त्यांचा नंबर. कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी एका दिवसात शिवल्या गेल्या. मला शिवणारा कोण होता ते ठाऊक नाही, पण त्याची घाई माझ्या टाक्यांत उतरली असावी.

आकारामांच्या खांद्यावर मी अठरा वर्षं हिंडले. राजस्थानची वाळू, आसामचा चिखल, काश्मीरचा बर्फ, सगळं अंगावर घेतलं. बदलीचा हुकूम आला की ते मला पाच मिनिटांत भरत. एकदा त्यांचे साहेब सगळ्यांना म्हणाले, "किटबॅग देखनी है तो आकाराम की देखो." मी काय फुगले होते म्हणून सांगू!

मग ते पेन्शनवर कराडकडच्या मलकापूरजवळ आपल्या गावी आले आणि माझे हाल सुरू झाले. त्यांच्या पत्नी अंजनाताईंनी माझ्यात भुईमुगाच्या शेंगा भरल्या. पुतण्या वीरधवल म्हणाला, "किटबॅग म्हंजी बॅटी ठेवाय असती," आणि त्यानं स्टंप माझ्या पोटात खुपसले. तालमीतल्या पोरांनी तर वाळू भरून मला चिंचेला टांगलं आणि ठोसे मारले. नाव एकच, पण ज्याच्या हाती सापडले त्यानं आपापला अर्थ लावला. चिंचेखाली मी नुसती गरागरा फिरायची. तेवढाच काय तो प्रवास.

तिथून मला सोडवलं आकारामांच्या मुलीनं, क्रांतीनं. अर्धी वाळू ओतून, उरलेली पाठीवर घेऊन ती रोज उसाच्या रस्त्यानं पळायची. दोन वर्षांनी तिची लष्करात निवड झाली. गावानं पेढे खाल्ले. आकारामांनी मात्र पेढा नुसता हातात धरला.

"मी अठरा वर्सं केलं, बास झालं की," एवढंच ते म्हणाले आणि लेकीशी बोलणं सोडलं.

आमच्या गावची एक रीत आहे. पहिल्यांदा पलटणीत निघालेला आपली बॅग स्वतः उचलत नाही. घरातलं थोरलं माणूस ती वेशीपर्यंत नेतं. आकारामांच्या वडिलांनी मला तशीच नेली होती; तेव्हा माझ्या पोटावर ना नाव होतं ना नंबर. आता क्रांतीची बॅग कोण नेणार? ती काळजी तिला खात होती आणि मलाही.

निघायच्या आदल्या दुपारी तिनं मला भरलं. शाळेचं दप्तर भरावं तसं भरलं हो! खाली कपड्यांच्या घड्या, मग शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सगळ्यात वर बूट. तेवढ्यात आकाराम आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि मला उलटी करून सगळं जमिनीवर ओतलं.

"आवं, ह्ये काय वो?" अंजनाताई धावत आल्या.

क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आण्णा, जायाचं न्हाई तर तोंडानं सांगा की. बॅग कशाला वतली?"

आकाराम दुखरा गुडघा सांभाळत खाली बसले. "बुटं तळाला घालत्यात. कापडं गुंडाळायची, घडी न्हाई घालायची. लागंल ते वर. पयल्याच दिवशी टरेनिंगचा उस्ताद समद्यांम्होरं बॅग वतून बघतो. माझ्या लेकीला कोण हसाय नगं."

एकेक वस्तू ते माझ्यात बसवू लागले. बोटं काही विसरली नव्हती. डबा ठेवताना ते थांबले.

"मला भ्या वाटतंय गं पोरी. पर भ्या माझं हाय. त्ये तुझ्या बॅगंत कशाला घालू?"

आज सकाळी त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि लंगडत वेशीपर्यंत नेलं. वाटेत वीरधवल हात लावायला आला, तर त्याला असा दटावला की बास!

मित्रांनो, जुन्या बॅगेला अडगळीत टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरातून कुणी लांब निघालं असेल, तर रुसून बसू नका. त्याची बॅग भरायला हात लावा.

आता मी कराड स्टेशनच्या बाकावर क्रांतीशेजारी आहे आणि गाडी येता येत नाही. माझ्या पोटावर जुन्या नावाखाली काल संध्याकाळी आकारामांनी नवं नाव रंगवलं आहे: क्रांती आकाराम. नंबर तिला अजून मिळायचा आहे, म्हणून त्याखाली बोटभर जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे.