तबेल्याची जागा

नोटीस दाराला चिकटवून माणूस निघूनही गेला होता. जुलैचा मध्य, सकाळचे नऊ, आणि ह्यूस्टनची हवा आत्ताच ओल्या टॉवेलसारखी अंगाला लागत होती. व्हर्लीनबाई गिड्रींनी कागद उभ्यानेच वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. घोड्याचा तबेला दुसऱ्याच्या राहत्या घरापासून शंभर फूट लांब हवा. तुमचा अडतीस फुटांवर आहे. त्या टप्प्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांची लेखी संमती आणा, नाहीतर तीस दिवसांत घोडा हलवा.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल की बाईंनी शेजाऱ्याच्या नाकासमोर तबेला बांधला असणार. तबेला बाईंच्या वडिलांनी बांधला तेव्हा बाई सात वर्षांच्या होत्या, आणि आज त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत. मागे तेव्हा झुडपं आणि ससे होते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने झुडपं काढली आणि तिथे तीन-तीन मजली उंच, अरुंद घरं रांगेत उभी केली. घरं तबेल्याकडे चालत आली होती, तबेला घरांकडे गेला नव्हता. पण मोजायच्या टेपला कोण आधी आलं ते कळत नाही.

घोड्याचं नाव डीकन. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून पाद्र्याच्या शब्दाशब्दाला मान हलवणारे बुजुर्ग असतात, त्यांना डीकन म्हणतात; तशीच याला मान हलवायची सवय, म्हणून हा डीकन. वय बावीस. दर रविवारी चर्च सुटलं की वस्तीतले पंधरा-वीस घोडे रस्त्यावर निघत, आणि चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्लीनबाई डीकनवर बसून सगळ्यांच्या पुढे. मागे मोठं वादळ आलं तेव्हा त्याला शहराबाहेर एका कुरणात ठेवला होता. अकरा दिवस त्याने गवताला तोंड लावलं नाही. घरी आणला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. आता या वयात त्याला पुन्हा बाहेर पाठवणं म्हणजे मारायलाच पाठवणं, हे सांगायला बाईंना कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

शंभर फुटांच्या आत तीन घरं येत होती. पहिल्या घरातल्या नायजेरियन नर्सबाईने कागद भिंतीला टेकवून सही केली आणि विचारलं, "मुलाला एकदा बसू द्याल का त्याच्यावर?" दुसऱ्या घरातल्या व्हिएतनामी म्हाताऱ्याने सही केली आणि वर आपल्या कुंड्यांसाठी शेण मागितलं. तिसरं घर मेरेडिथचं.

मेरेडिथ कॅलिफोर्नियातून आलेली, चाळिशीची, घरूनच काम करणारी. बोलायला गोड. ती कुंपणापाशी आली आणि स्वतःच म्हणाली, "तक्रार मी केली, मिस व्हर्लीन. लपवण्यात अर्थ नाही. मला घोडे आवडतात, पण माझी काम करायची खोली याच बाजूला आहे. वास येतो, माश्या येतात."

"घर घेताना तबेला दिसला नव्हता?"

"दिसला होता. कंपनीवाले म्हणाले, हे सगळं लवकरच जाणार आहे."

व्हर्लीनबाईंनी हे ऐकून घेतलं. 'हे सगळं' म्हणताना मेरेडिथचा हात तबेल्यावरून जो निघाला तो बाईंच्या घरावरून पार रस्त्यापर्यंत फिरला होता.

"आम्ही इथे का आलो सांगू?" मेरेडिथ म्हणाली. "पगारावर राज्याचा कर नाही. तिकडे गॅरेज आलं नसतं तेवढ्या पैशात इथे तीन मजले आले. थंडी नाही. जेवायला जगातला कुठलाही पदार्थ. आणि जो तो आपल्या जागेवर हवं ते बांधतो, कुणी येऊन सांगत नाही की इथे हे नको, तिथे ते नको. असं मोठं शहर दुसरं नाही."

"आणि तू येऊन मला काय सांगते आहेस, बाळा?"

मेरेडिथ लाल झाली. "शहराबाहेर त्याच्यासाठी किती छान जागा आहेत," एवढं बोलून ती आत गेली.

हॉलिस बटिस्टला हे समजलं तेव्हा तो बाईंच्या व्हरांड्यात बसून बर्फाचा चहा पीत होता. हॉलिस म्हणजे रविवारच्या घोड्यांचा म्होरक्या, वय चौऱ्याहत्तर, आणि उभी हयात घरं हलवण्याच्या धंद्यात गेलेली. तिकडची जुनी लाकडी घरं विटांच्या खांबांवर उभी असतात. ती जॅक लावून उचलायची, खाली लोखंडी तुळया सारायच्या, चाकांवर घ्यायची आणि न्यायची हवी तिथे. आता धंदा पुतण्या बघत होता आणि हॉलिस नुसता चुका काढायला जात होता.

"रताळ्याची गोड पाई भाज आणि जा तिच्याकडे," तो म्हणाला. "तुझ्या पाईपुढे कुणाची टाप नाही."

"मी नाही जात."

"व्हर्ली, एक सही आहे फक्त."

"तेच तर. माझ्या बापाच्या जमिनीवर माझा घोडा उभा राहावा म्हणून मी तिच्या दारात पाई घेऊन उभी राहू? आणि उद्या तिचं डोकं फिरलं की परत दुसरी पाई? जन्मभर ओव्हनपुढेच बसू का मग?"

"मग घोड्याला काय सांगणार आहेस? मान हलव म्हणून?"

"तुझा चहा संपव आणि घरी जा."

मुलगी रोशेलचाही फोन आला. ती तिकडे दक्षिणेच्या उपनगरात राहते. "मम्मा, आता विकून टाक आणि माझ्याकडे ये. इथे सगळं नवीन आहे, शांत आहे."

"म्हणूनच येत नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे चार-पाच दिवस बाईंच्या डोक्याचा भुगा झाला. जमीन होती लांबच लांब, अडीचशे फूट खोल, पण तबेला नुसता पुढे सरकवून भागणार नव्हतं. मधली जमीन खोलगट. पाऊस दणकून आला की तिथे गुडघाभर पाणी तुंबतं आणि आठवडाभर हलत नाही. घोड्याचे खूर कुजून जातील. वडिलांनी ट्रक ट्रक माती आणून दोनच जागा उंच केल्या होत्या. मागे तबेल्याची, पुढे रस्त्यालगत घराची. बाकी सगळं बेडकांचं.

सहाव्या दिवशी बाईंनी हॉलिसला पहाटेच फोन केला.

"कागदात लिहिलंय, दुसऱ्याच्या राहत्या घरापासून शंभर फूट. माझ्या स्वतःच्या घरापासून किती, ते लिहिलेलं नाही. आणि पुढे रस्त्याकडे माझ्या एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला आणि समोर मोकळी जागा."

"मग?"

"मग माझं घर माझ्या घोड्याच्या जागी नेऊन ठेव, आणि घोड्याला माझ्या जागी उभा कर."

हॉलिस अंथरुणात उठून बसला. मग तो म्हणाला, "व्हर्ली, तुझा व्हरांडा. तुला रस्ता दिसणार नाही."

"मला माहीत आहे काय दिसणार नाही ते."

हे बोलायला सोपं होतं. त्या व्हरांड्यात बसून बाईंनी सगळी वस्ती मोठी होताना पाहिली होती. कुणाचं लग्न, कुणाची शवपेटी, कोण तुरुंगातून सुटून आला, कोण पदवीचा झगा घालून निघालं. नवरा वारला त्या वर्षी त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं, फक्त तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात केला होता, आणि त्यावर त्या जगल्या होत्या. फोन ठेवून बाई व्हरांड्यात गेल्या आणि पोटभर रडल्या. तोंड धुऊन मग परवान्याचे कागद भरायला बसल्या.

परवाना मिळाला. हवं ते हवं तिथे बांधू देणारं शहर जसं मेरेडिथचं घर बांधणाऱ्या कंपनीचं, तसं ते व्हर्लीनबाईंचंही होतं.

ऑगस्टमध्ये जमीन विटेसारखी टणक झाली, तेव्हा हॉलिसने दिवस धरला. आधी तबेला फळी फळी सोडवून बाजूला रचला आणि डीकनला शेजारच्या चर्चच्या आवारात बांधला. मग पुतण्याची माणसं घराखाली शिरली. वीज तोडली, पाणी तोडलं, तुळया सारल्या. घर कण्हत कण्हत दीड फूट वर आलं.

"कपाटातल्या बश्या काढू का?" बाईंनी विचारलं.

हॉलिसला हा अपमान वाटला. त्याने आत जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक पेला काठोकाठ पाण्याने भरून ठेवला. त्या धंद्यातली ती जुनी ऐट आहे. "थेंब सांडला तर माझं नाव बदल," तो म्हणाला. "आता खाली उतर."

बाई व्हरांड्यात आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. "मी नाही उतरत."

"कायद्याने चालत नाही, व्हर्ली. घर हलताना आत माणूस नको."

"मी आत कुठे आहे? चाळीस वर्षं बस चालवली मी. गाडी जागेवर लागल्याशिवाय मी सीट सोडत नाही."

हॉलिसने हात टेकले. ट्रकने ओढ घेतली आणि घर निघालं. मुंगीपेक्षा हळू. रस्त्यावर गाड्या थांबल्या, चर्चच्या बायका स्वयंपाक टाकून आल्या, व्हिएतनामी म्हातारा छत्री घेऊन कुंपणापाशी उभा राहिला. व्हर्लीनबाई मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या आणि रस्ता त्यांच्यापासून फूट फूट लांब जात होता. डीकन चर्चच्या आवारातून आपलं घर निघालेलं बघून मान हलवत होता. वरच्या खिडकीत मेरेडिथ आली, गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती तोंडावर हात ठेवून उभीच राहिली, कारण घराची मागची बाजू, म्हणजे बाईंचं स्वयंपाकघर, सरळ तिच्या कामाच्या खोलीच्या दिशेने येत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

ते तिच्या भिंतीपासून चौदा फुटांवर थांबलं. पेल्यातला थेंब सांडला नव्हता. हॉलिसने तो पेला सगळ्यांना फिरवून दाखवला आणि शेवटी स्वतःच पिऊन टाकला.

तबेला घराच्या जुन्या जागी दोन दिवसांत उभा राहिला. सालिनास नावाचा तरुण इन्स्पेक्टर आला, त्याने टेप ओढली, कागदावर आकडा लिहिला आणि खात्रीसाठी पुन्हा ओढली. "एकशे ब्याण्णव फूट," तो म्हणाला. मग टोपी काढून त्याने तबेल्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "मॅडम, माझ्या नोकरीत घोड्याला रस्त्याकडची जागा देणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

"तक्रारीला जागा आहे का कुठे?"

"नाही, मॅडम."

"मग सही कर."

त्यानंतर व्हर्लीनबाई जशा आधी राहत होत्या तशाच राहिल्या, फक्त मेरेडिथपासून चौदा फुटांवर. पहाटे साडेपाचला रेडिओ, त्यात लुइझियानाची अकॉर्डियनवरची गाणी, कारण बाईंचा बाप तिकडचा. सहाला कांदा, ढोबळी मिरची आणि सॉसेज तव्यावर. सातला हॉलिस, ज्याचं हसणं दोन गल्ल्या ओलांडून जातं. मुद्दाम काहीच नव्हतं. बरं, रेडिओ थोडा मुद्दाम होता.

तीन आठवड्यांनी मेरेडिथ आली. कुंपणावरून नाही, पूर्ण वळसा घालून, रस्त्याने, तबेल्याच्या बाजूने व्हरांड्यापर्यंत आली. डोळ्यांखाली काळं आलेलं. हातात कागद.

"मी सही केली आहे," ती म्हणाली. "संमतीची. तबेला पुन्हा मागे न्या, मी एक शब्द बोलणार नाही. घर न्या पुढे, जिथे होतं तिथे."

हॉलिस खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसला. त्याला तर आनंदच झाला. "बघ, व्हर्ली. आठवड्यात परत नेतो तुला."

व्हर्लीनबाईंनी कागद घेतला. सही ठसठशीत होती, तारीख होती, काही खोट नव्हती. तबेल्याच्या पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता आणि कुणाची गाडी ते बाईंना आता दिसत नव्हतं. हॉलिस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मेरेडिथही.

"तू इथे किती वर्षं राहणार आहेस?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे? माहीत नाही. चार, पाच. नोकरीवर अवलंबून आहे."

"आणि तुझ्यानंतर येईल त्याचं काय? त्याचं नाक कसं असेल?" बाईंनी कागदाची घडी केली आणि मेरेडिथच्या हातात परत दिली. "हा कागद तुझा आहे, पोरी. त्यावर डीकन उभा राहील तो तुझ्या मर्जीवर. आत्ता उभा आहे तो एकशे ब्याण्णव फुटांवर. ते फूट माझे आहेत. ते कुणी परत मागू शकत नाही."

"पण तुम्हाला रस्ता आवडायचा. सगळे सांगतात मला. तुम्हाला त्याची आठवण येत नाही?"

"रोज येते," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून येते."

 मग त्या उठल्या, बादली उचलली आणि घोड्याला पाणी द्यायला रस्त्याच्या दिशेने चालू लागल्या.