धरण वर गेलं

धरणाचा विषय काढायचा नाही, असं दोघी बहिणींनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. थोरली खालच्या गावात दिलेली, धाकटी वरच्या गावात. नदी एकच, मधे फक्त एक घाट. पण जलविद्युत प्रकल्पाची घोषणा झाली आणि तेव्हापासून या दोन गावांमधून विस्तव जाईना. धरणाची भिंत खालच्या गावाच्या पलीकडच्या खिंडीत बांधायची होती. म्हणजे पाणी भिंतीमागे तुंबणार आणि खालचं गाव घरादारासकट बुडणार. उंचावरचं वरचं गाव मात्र कोरडंच राहणार, त्यांना वीज मिळणार, कारखाने येणार. तेव्हा खालचे लोक 'धरण रद्द करा' म्हणून मोर्चा काढायचे आणि वरचे 'धरण झालंच पाहिजे' म्हणून. बसच्या काचा फुटल्या, जमलेली लग्नं मोडली.

त्यात थोरलीचा नवरा हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि बचाव समितीचा चिटणीसही तोच. सगळं गाव त्याला सर म्हणे. धाकटीच्या नवऱ्याचं वरच्या गावात विजेच्या सामानाचं दुकान, त्यामुळे तो तिकडच्या मोर्चात सगळ्यांत पुढे. बहिणींनी करावं तरी काय? त्या पोरांच्या तब्येती, सासूसासऱ्यांच्या खोड्या, साड्यांचे रंग यांवरच बोलायच्या. धाकटीनं फोनवर सहज "तुमच्याकडे पाणी येतंय का गं?" म्हटलं, तरी दोघी दचकायच्या आणि मग पोट धरून हसायच्या.

थोरली बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. त्या दिवशी दुपारी तिनं एका म्हातारबाबांच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली होती आणि भिंग बदलून बदलून विचारत होती, "आता दिसतंय? आणि आता?" तेवढ्यात रस्त्यावर फटाक्यांची माळ लागली. शेजारचा सलूनवाला कैची हातात घेऊनच धावत आत शिरला.

"वहिनी, जिंकलो! सरांनी करून दाखवलं! धरण गेलं!"

"गेलं म्हणजे?"

"इथून गेलं! आपलं गाव वाचलं!"

थोरलीच्या हातून भिंगाची डबी निसटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतकी वर्षं भिंतीला खिळा ठोकतानाही मनात यायचं, की कशाला ठोकायचा, उद्या सगळं पाण्याखालीच जायचंय. तिनं म्हातारबाबांचे दोन्ही हात धरले आणि लहान पोरीसारखी नाचली. बाबाही डोळ्यांवर ती लोखंडी फ्रेम घेऊन तिच्याबरोबर डोलत होते.

"पण गेलं कुठे?" बाबांनी विचारलं.

"वर गेलं," सलूनवाला म्हणाला.

थोरली नाचायची थांबली. "वर कुठे?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे इकडेतिकडे फिरायला लागले. तो सलूनमध्ये परतला. समोरच्या दुकानातल्या टीव्हीपुढे गर्दी जमली होती. थोरली रस्ता ओलांडून गेली, लोकांच्या खांद्यांवरून डोकावली. पडद्यावर नकाशा होता. भिंतीची लाल रेघ घाटाच्या वरच्या तोंडाशी सरकली होती. त्या रेघेच्या मागे निळा रंग पसरला होता आणि निळ्यावर वरच्या गावाचं नाव पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ वाचता येत होतं.

ती दुकानात परतली, म्हातारबाबांच्या नाकावरची फ्रेम अलगद काढली आणि म्हणाली, "बाबा, उद्या या. आज मलाच काही दिसत नाहीये."

सर घरी आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता. लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवल्यामुळे सदऱ्याची बाही उसवली होती. थोरली जेवणाच्या टेबलापाशी बसलेली होती, हातात काहीच काम नव्हतं. तिला असं रिकामं बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"आजच जाहीर झालं."

"ते नाही विचारलं मी."

सरांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "नुसतं नको नको म्हणून सरकार ऐकत नाही गं. पर्यायी जागा सुचवावी लागते. समितीनं सुचवली."

"समितीत भूगोल कुणाला येतो?"

बाहेर कुणीतरी त्यांच्या नावाचा जयजयकार करत गेलं.

हाच माणूस गेल्या सुट्टीत धाकटीकडे जेवला होता. तिच्या लेकीला खांद्यावर बसवून गच्चीवर फिरला होता, कुठली टेकडी कुठे संपते ते दाखवत होता. म्हणजे तेव्हा तो टेकड्या मोजत होता?

"त्यांनाच हवं होतं ना धरण?" सर एकदम तडकून बोलले. "घसा फोडून ओरडत होते. आपण बुडत होतो तेव्हा तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला झोप लागत होती की नाही? मग घ्या आता!"

"माझी बहीण राहते तिथे."

"आणि इथे तू राहतेस! काय करायला हवं होतं मी? तुझं घर बुडू द्यायला हवं होतं?"

आपण आज दुपारी नाचलो, हे आठवून तिला स्वतःचे पाय परक्याचे वाटायला लागले. ती उठली.

"उद्या माझ्याबरोबर यायचं," ती म्हणाली. "जे मला सांगितलंत ते तुमच्या तोंडानं तिला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं वर गेली. सगळ्या प्रवासात सरांनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

वरच्या गावात बाजार उघडा होता, पण गिऱ्हाईक दिसत नव्हतं. लोक घोळक्यानं उभे होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. धाकटीचं घर दुकानाच्या मागेच. दुकानाच्या तोंडाशी तिचे सासरे नेहमीसारखे घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी बसलेले, डोळ्याला भिंग लावून. आत, बल्ब आणि वायरच्या वेटोळ्यांमधे, धाकटीचा नवरा एका खोक्यावर बसला होता. दाढी वाढलेली नव्हती, पण चेहरा आजाऱ्यासारखा उतरलेला.

धाकटी पडद्यामागून बाहेर आली. बहिणीला बघून धावली नाही. "ताई," तिनं जागेवरूनच विचारलं, "तुला आधी माहीत होतं?"

"नाही गं. शप्पथ."

"खरंच?"

आयुष्यात धाकटीनं थोरलीला कधी खरंच का म्हणून विचारलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

सर दारातच उभे होते. "तिला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "जागा मी सुचवली. नकाशा मीच काढून दिला."

थोरलीला वाटलं, आता धाकटीचा नवरा उठणार आणि कानाखाली आवाज काढणार. तो उठलाही. पण त्यानं सरांपुढे खुर्ची ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "ते कसं केलंत, ते आम्हाला सांगा."

कुणालाच काही समजेना.

"समिती काढली, निवेदनं दिली, ते कळलं. पण भिंत सरकवली कशी? आम्हाला पण सरकवायचीय. अजून वर."

सर खुर्चीवर बसले. थोरलीला वाटलं, आता ते हात जोडतील, माफी मागतील. पण त्यांनी वायरच्या खोक्याचा एक पुठ्ठा ओढला, खिशातून पेन काढलं आणि नदीची रेघ मारली. वर्गात बोलत तसल्याच आवाजात ते सांगायला लागले, "इथून वर नदी वळण घेते. वळणाच्या पुढे दोन्ही बाजूंना खडक आहे. दगड चांगला असेल तर तिथे भिंत होऊ शकते. म्हणजे पाणी या अंगाला..."

धाकटीचा नवरा पुठ्ठ्यावर वाकला. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध मोर्चे काढणारे हे दोघे आता डोक्याला डोकं लावून बसले होते.

"अहो," थोरली म्हणाली, "त्या अंगाला कोण राहतं?"

पेन थांबलं. सरांनी साडूकडे पाहिलं, त्यानं छताकडे.

"असेल एखादी वस्ती," तो पुटपुटला. "चार घरं."

तेव्हा धाकटीच्या सासऱ्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "चार नाही रे, बरीच आहेत. शाळा आहे. तिथल्या एका बाईचं घड्याळ आहे माझ्याकडे. दुरुस्त होऊन पडलंय, ती न्यायला आलीच नाही." त्यांनी खण उघडला आणि पट्टा झिजलेलं एक बायकी घड्याळ टेबलावर ठेवलं. "मी पण मोर्चात ओरडलो होतो," ते म्हणाले. "धरण झालंच पाहिजे म्हणून. कुठे, ते विचारायचं राहून गेलं."

धाकटी पुढे आली, तिनं ते घड्याळ उचललं.

"आम्हाला टीव्हीवरून कळलं," ती म्हणाली. "मी पोरीला आंघोळ घालत होते. अंगाला साबण तसाच. या बाईला तरी माणसानं जाऊन सांगावं. ताई, येतेस?"

थोरलीनं पदर खोचला. मागून धाकटीचा नवरा म्हणाला, "अगं पण अजून काही ठरलेलं नाही!" धाकटी वळली. "म्हणूनच," ती म्हणाली.

वर जाणारी जीप खच्चून भरली होती. दोघी दाटीवाटीनं एकमेकींना चिकटून बसल्या, पण बोलल्या नाहीत. एका वळणावर थोरलीचा तोल गेला, तेव्हा धाकटीनं तिचा दंड पकडला आणि पुढे सोडलाच नाही.

बाईचं घर शाळेला लागूनच निघालं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. थोरलीच्याच वयाची असेल, हसरी. धाकटीनं घड्याळ पुढे केलं तशी ती हरखलीच.

"अगं बाई! एवढ्या लांब घड्याळ द्यायला आलात? मीच येणार होते हो, सवडच होईना." तिनं घड्याळ कानाला लावलं, ओला हात पदराला पुसला आणि मनगटावर बांधूनही टाकलं. "चालतंय की! बसा ना, उभ्या का?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मागे शाळा सुटल्याचा गलका झाला आणि पोरं कुंपणाच्या फटीतून शिरून याच अंगणातून पळत गेली.

"बाई," थोरली म्हणाली, "जरा आत बसून बोलू या का?"

बाईचं हसू हळूहळू मावळलं. तिनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं, उरलेले कपडे तसेच बादलीत ठेवले आणि दार उघडलं.