लेकीची गाडी

लेक लग्न होऊन परदेशी गेली आणि तिची लाल गाडी अंगणात उन्हानं फिकी पडली. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, विकून टाका." रविवारी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून बाबा पॉलिशचं मशीन घ्यायला गेले.

दुकानदारानं दोन मशीन पुढ्यात ठेवली. "हे एकाच जागी गरागरा फिरतं. काम झटपट, पण हात चुकला तर रंग जळतो. दुसरं फिरता फिरता थरथरतं. वेळ खातं, पण नवख्याला बरं. घाई आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी दुसरं घेतलं, सोबत स्पंजचे मऊ पॅड घेतले.

"खोल ओरखडे याने जाणार नाहीत हं, काका."

"राहू देत."

दोन दिवस कंबर धरून त्यांनी गाडी घासली. रंग असा उजळला की त्यात आपला थकलेला चेहरा त्यांना दिसला. लेकीला फोटो पाठवला, तेव्हा तिचा लगेच फोन आला.

"अय्या, नवी कोरी दिसतेय! आतला फोटो पाठवा ना."

बाबा सवयीनं बाजूच्या सीटवर बसले आणि तिथून रिकाम्या स्टिअरिंगचा फोटो काढून पाठवला.

पलीकडे तिनं तो उघडला. मग हसली. "तिथूनच ओरडायचात ना, 'अगं, ब्रेक, ब्रेक!'"

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांगा, अजून काम बाकी आहे."