खांद्याला विचारून केलेली गिटार

मी एक गिटार. विजेवर वाजणारी, पण अंगाने जरा वेगळी. तशी का झाले हे सांगायला थोडा वेळ लागेल, कारण मला भरभर बोलायची सवय नाही. तुम्हाला घाई नसेल तर बसा जरा.

माझा जन्म एका मिस्त्रीच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट खोली. एका भिंतीला खिडक्या, दुसरीला टेकवून ठेवलेल्या फळ्या, आणि मागच्या दारापलीकडे मिस्त्रीचं घर. मिस्त्रीने उभा जन्म विजेच्या गिटारी करण्यात घालवला होता. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून, उभ्याने, मान झटकत वाजवणारी मंडळी. त्यांना काय हवं असतं हे त्याला विचारावंसुद्धा लागत नसे.

एका सकाळी तिथे दोन बहिणी आल्या. धाकटी गाणारी. तिने चाळिशी ओलांडली होती, तरी थोरली तिला छोटीच म्हणे. थोरली गिटार वाजवणारी. छोटी तिला ताई म्हणत होती, मग मिस्त्रीही ताई म्हणू लागला, आणि मीही तेच म्हणते. पंचवीस वर्षं एक गात होती आणि दुसरी शेजारी बसून वाजवत होती.

ताईची गिटार अकूस्टिक. म्हणजे विजेशिवाय घुमणारी, पोकळ, चांगली सहा बोटं जाड. तिच्यावरून उजवा हात पलीकडे टाकायचा तर खांदा वर उचलून धरावा लागतो. आणि नेमकं त्याच खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात असा उचलून आता वाजवायचं नाही. तेव्हापासून आठ महिने ती गिटार पेटीत बंद होती.

"दीड महिन्यावर कार्यक्रम आहे," छोटी मिस्त्रीला म्हणाली. "आयोजक म्हणतायत, कीबोर्डवाला देतो. यापुढे कायमचाच घ्या म्हणतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणशील," ताई म्हणाली.

"अगं, तू नुसती शेजारी बसलीस तरी मला पुरे आहे. धीर येतो."

"मी काय फुलदाणी आहे, शेजारी मांडून ठेवायला?"

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली. "महिन्याभरात करून देतो ताई. विजेची, पातळ. खांद्याला त्रास नाही."

मग मापं सुरू झाली. ताईची बोटं रुंद दांडीला आणि जाड तारांना सरावलेली, म्हणून माझी दांडी रुंद केली आणि तारा जाड लावल्या. इथवर सगळं छान. एका तयार गिटारीचा पट्टा गळ्यात अडकवून त्याने ताईला उभं केलं, कोपर कुठे येतो ते पाहिलं, तोल कुठे जातो ते पाहिलं, आणि त्या मापाने एका भरीव फळीतून माझं धड कापलं. घासूनपुसून खिडकीत टांगलं तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखे आपणच.

महिन्याने बहिणी आल्या. ताईने मला हातात घेतलं आणि आधी खुर्ची ओढली. बसली. मला उजव्या मांडीवर ठेवलं, आणि माझं डोकं धपकन खाली गेलं. डाव्या हाताने सूर दाबायचे सोडून ती बिचारी माझी दांडीच सावरत बसली. तरी तिने सुरुवात केली. छोटीने तोंड उघडलं, थांबली, पुन्हा उघडलं, पुन्हा चुकली.

"ताई, कुठे शिरायचं तेच कळत नाहीये. ठोका दे ना."

"दिला की."

"कधी?"

आता हा ठोका काय ते सांगते. वाजवता वाजवता ताई अंगठ्याच्या मुळाने गिटारीच्या अंगावर हलकेच थाप मारते. छोटी त्या थापेवर श्वास घेते आणि पुढच्या मात्रेला गाण्यात शिरते. त्यांनी कधी ठरवून केलेलं नाही, पंचवीस वर्षांत आपोआप झालं. पण मी भरीव. ताईने थाप मारली आणि माझ्यातून आवाजच निघाला नाही. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

ताईने मला टेबलावर ठेवलं. "काम फार सुबक आहे हो, मिस्त्री," म्हणाली. नको असलेल्या वस्तूचं माणसं फार गोड शब्दांत कौतुक करतात, हे मी त्या दिवशी शिकले.

छोटी हळूच म्हणाली, "मग मी आयोजकांना फोन करू?"



मिस्त्रीची बायको चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, एक विचारू? मापं घेताना या ताईंनी तुमच्याकडे तीनदा खुर्ची मागितली. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, जरा उभ्या राहा."

मिस्त्रीने ताईने ओढलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मग ताईकडे वळला. "तुम्ही बसून वाजवता?"

"बसूनच. पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही माप घेत होतात. शिंप्याने हात वर करा म्हटलं की आपण करतोच ना?"

"शिंपी तरी गिऱ्हाइकाकडे बघतो," बायको म्हणाली आणि कप खाली ठेवले.

मिस्त्रीने चहा घेतलाच नाही. त्याने माझे चार स्क्रू काढले, धड बाजूला केलं आणि म्हणाला, "छोटीताई, दहा दिवस फोन करू नका. ताई, तुम्ही उद्या या. तुमची जुनी गिटार घेऊन या. आणि हो, आल्या आल्या बसा."

दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठे कापले. जुन्या गिटारीच्या आकाराचे, तश्शीच कंबर असलेले. ताईला खुर्चीवर बसवून एकेक पुठ्ठा तो तिच्या हाताखाली रचत गेला.

"दुखतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही हो. चालेल."

"तुम्ही भिडेखातर बोलताय. मी तुमच्या खांद्याला विचारतोय."

अडीच बोटांवर खांदा जरासा आखडला. त्याने वरचा पुठ्ठा काढला आणि तिथे रेघ मारली. तीच माझी जाडी. ताईच्या मांडीवर टेकते तिथे कंबर ठेवली, म्हणजे डोकं आपसूक वर राहील. लाकूड आतून कोरून पोकळ केलं आणि वर पातळ फळी बसवली. तिच्या आत, अंगठ्याचं मूळ पडतं बरोबर त्या जागी, आवाज पकडणारी बटणाएवढी चकती चिकटवली. नवव्या दिवशी फळी कडेला चिरली. मिस्त्रीने ती सोलून काढली आणि दुसरी घेतली. बायको म्हणाली, "जेवून तरी घ्या." तो म्हणाला, "वाढून ठेव." मीही मनाशी पक्कं केलं, आता काही झालं तरी गप्प राहायचं नाही. दांडी जुनी, धड नवं, पण हट्ट सगळा माझा होता.

कार्यक्रम दुपारचा होता. सभागृह छोटंसं, खुर्च्या भरलेल्या. आयोजकांनी खबरदारी म्हणून कीबोर्डवाल्यालाही बोलावलं होतं. तो वाद्य मांडून, वायर जोडून, कडेला तयार बसला होता. ताईने मला मांडीवर घेतलं. माझं डोकं जागेवर राहिलं. छोटीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, समोर बघत उभी राहिली. ताईने चार मात्रा वाजवल्या आणि थाप दिली. स्पीकरमधून ती सभागृहभर घुमली, आपल्या माणसाने दार वाजवावं तशी. छोटीने श्वास घेतला आणि बरोबर जागेवर शिरली.

तिसऱ्या गाण्यानंतर कीबोर्डवाल्याने वायर काढून गुंडाळली आणि तो खाली जाऊन पहिल्या रांगेत बसला. छोटी त्याला हसून म्हणाली, "दादा, राग नाही ना?"

"छे हो," तो म्हणाला. "बसून ऐकायला मला कोण बोलावतं?"

त्या कार्यक्रमाला सहा वर्षं झाली. आज माझं पॉलिश उडालंय, अंगठा पडतो तिथलं लाकूड पांढुरकं दिसू लागलंय. ताई रोज सकाळी तासभर वाजवते. खांदा थकला की थांबते, हात झाडते, पुन्हा घेते. मीही थांबते, मला कुठे जायचंय?

तरी एक मागणं आहे. कधीतरी ताईचा खांदा मलाही नको म्हणेल. तेव्हा मला आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नका. असाच कुणाचा तरी हात दुखत असेल, कुणीतरी आपली जुनी गिटार पेटीत बंद करून मुकाट बसलं असेल. त्या माणसाला शोधा, खुर्चीवर बसवा, आणि मला त्याच्याकडे द्या. माझ्यात अजून बरंच काम शिल्लक आहे.