माइकवर पुन्हा आमचे हे

आमचे हे बसस्थानकावर माइकवर बोलायचे. असा आवाज, की बस पकडायला पळणारा माणूसही जागीच थबकेल. पण एका सकाळी यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, जीभ मात्र अडखळायला लागली. शब्द ठाऊक असायचा, तोंडातून निघायला वेळ लागायचा. स्थानकाचे साहेब म्हणाले, "चाचणी घेऊ. जमलं तर माइक, नाहीतर पार्सलची खोली." पार्सलची खोली! यांना! माझं तर डोकंच फिरलं.

लेकीने फोनवर तीन चॅटबॉट घालून दिले. म्हणाली, "आई, बाबांचा सराव यांच्याशी होऊ दे. जो बरा वाटेल तो ठेव."

जावई निवडताना केली नव्हती एवढी पारख मी या तिघांची केली. पहिला हुशार. विजेच्या बिलाची तक्रार त्याने अशी झणझणीत लिहिली, की दुसऱ्याच दिवशी माणूस दारात हजर! दुसरा गोडबोल्या. भाजी खारट झाली म्हटलं, तर आधी माझं कौतुक आणि मग उपाय. उपाय मात्र अचूक, म्हणून त्याला स्वयंपाकघर दिलं.

यांच्यापुढे मात्र दोघेही नापास. हे "फलाट क्रमांक..." म्हणून अडले, की हुशार पुढचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा. गोडबोल्या म्हणे, "वा, छान प्रयत्न!" यांनी फोन उशीखाली कोंबला. "मी... काय... कुक्कुलं बाळ आहे?"

तिसरा मला मठ्ठच वाटला होता. रुक्ष आवाज, मोजकं बोलणं. पण बटण दाबून धरलं, की सोडेपर्यंत तो हूं की चूं करायचा नाही. हे अडायचे, घामाघूम व्हायचे, तरी तो गप्प. मग एवढंच म्हणायचा, "क्रमांक स्पष्ट आला. 'सुटणारी' पुन्हा म्हणा." मला कुठला दम निघतोय! "अहो, सुटणारी!" मी मध्येच तोंड घातलं, तर यांनी मला बोटाने दार दाखवलं. माझ्याच घरात! तेव्हापासून सराव दार लावून. मी बाहेर भाजी निवडत धुमसत बसायची.

चाचणीला लेक आणि मी माइकपाशीच साहेबांच्या शेजारी उभ्या होतो. यांनी माइक सुरू केला. "फलाट क्रमांक सहावरून..."

अडले. बाकांवरची माणसं मान वर करून बघायला लागली. लेकीने माझा हात घट्ट धरला. शब्द माझ्या ओठांवर आला होता, मी ओठ दातांखाली दाबले.

"...सुटणारी बस वीस मिनिटे उशिराने सुटेल."

शब्द न् शब्द स्वच्छ! माझा ऊर असा भरून आला की काय सांगू.

साहेब पुटपुटले, "मध्ये थांबतात जरा."

"मग तुम्हीही थांबा की जरा!" मी फटकन बोलले.

माइक सुरूच होता. माझा आवाज अख्ख्या स्थानकात घुमला आणि हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबही हसले. "बरं बाई, थांबतो." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून या हो तुम्ही माइकवर."

यांनी माइक जवळ ओढला.

"ही... माझी..."

सगळं स्थानक थांबलं. साहेबसुद्धा.

"...बायको."