लाल आकाशाचे सहा गुण

मी जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, रद्दी नाही! अकरावी-बारावीच्या मुलांसाठी इंग्रजी कविता घेऊन छापखान्यातून निघालो, त्याला वीस वर्षं झाली. भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये मी घरोघरी फिरलो. प्रत्येकाने समासात पेन्सिलीने अर्थ लिहिले, कोणी मराठीत, कोणी हिंदीत. तेव्हा माझ्यासाठी भांडणं होत.

मग आलं गाइड. गुळगुळीत, तयार उत्तरांचं. मला कूलरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. माझ्या जिवाचा असा संताप झाला की काय सांगू! तिथून मला त्या घरच्या पोरीने, संघमित्राने ओढून काढलं. तिची आई कांता ओरडली, तर ही म्हणते, "कूलर हलला तं हलू दे, मले हे पायजे."

ती अकरावीत इंग्रजी साहित्य शिकत होती. बाबा लहानू पोलादाच्या प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला. त्यांची शर्त होती, सहामाहीत नापास झाली तर हा विषय सोडायचा.

माझ्यात एक कविता आहे. एका गावाचं आकाश संध्याकाळी लाल होतं आणि लोक दारं लावून घेतात. परीक्षेत सहा गुणांना प्रश्न आला, लाल आकाश काय सांगतं? गाइड म्हणतं, विनाश. संघमित्राने लिहिलं, आमच्याकडे भट्टीतला वितळलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची तापलेली मळी, बाहेर ओतला की आकाश लाल होतं. म्हणजे भट्टी चालू आहे, बाबा कामावर आहेत. दार कोणी लावत नाही. ज्या दिवशी लाल होत नाही, त्या दिवशी आई फाटकात उभी राहते. कवीचं गाव उजेडाला भितं, आमचं अंधाराला.

इंग्रजीच्या ओमप्रकाश सरांनी या उत्तराला शून्य दिलं. शंभरपैकी एकूण एकतीस. पास व्हायला तेहतीस लागतात.

सर तसे वाईट नाहीत. म्हणाले, "एक बार फिर लिख दो, बेटा. गाइड वाला लिखना, नंबर बदल दूँगा."

घरी येऊन ती गाइड पाठ करायला बसली. मी शेजारीच उघडा पडलेला. जीभ असती तर चांगलं सुनावलं असतं तिला! तेवढ्यात ड्यूटीवरून लहानू आले.

"कावून रडून राहिली, बाई?"

तिने सगळं मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी हेल्मेट काढून खाली ठेवलं.

"तू लिवलं ते खोटं हाये काय?"

"नाही बाबा."

"मंग? शर्त तं कायम हाये माही. पण खोटं लिवून पास होऊ नोको."

दुसऱ्या दिवशी पोरीने तेच उत्तर पुन्हा लिहिलं, दुप्पट लांब, कवितेतल्या ओळींच्या पुराव्यासकट. सरांनी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "गलत तो नहीं है," एवढंच म्हणाले आणि सहापैकी दोन दिले. दोन! चिक्कू माणूस! पण तेहतीस झाले आणि विषय टिकला.

तेव्हा मित्रांनो, मला कव्हर घालून कपाटात जपू नका. पान फाटलं तर चिकटवा, आणि तुमच्या डोळ्यांना जे दिसतं ते बेधडक माझ्यावर लिहा. त्या कवितेखाली संघमित्राने पेनाने लिहून ठेवलं आहे, "इथे माझे बाबा कामावर आहेत." पुढच्या वर्षी मी ज्याच्या हाती जाईन, त्याने तिच्याशी खुशाल भांडावं. पण ते खोडायला कोणी आलं, तर गाठ माझ्याशी आहे!