फाउस्तोच्या कॅस्केडची पोती

एक माणूस दोन्ही तळवे नाकाशी धरून उभा आहे. लांबून बघणाऱ्याला वाटेल, रडतोय.

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. आभाळ तांब्याच्या परातीसारखं झालं होतं.

ओर्तेन्सियाचं कुत्रं सगळ्यांवर भुंकतं. उलिसेसवर भुंकत नाही.

स्वस्तात मिळालेल्या घोड्याचे दात दोनदा बघावेत.

फाउस्तोच्या दारावर पाटी आहे: पोतं फोडून मिळणार नाही.

चोलिलात दुकानातून बिअर आणणाऱ्याकडे लोक आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात आणि विचारतात, "घरी सगळं ठीक ना?"

*

आता सरळ सांगते.

चोलिलात घरोघरी लाकडाची शेगडी जळते आणि घरोघरी बिअर होते. तिला कडवटपणा आणि वास देणारे हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, मात्र आमच्याकडे पिकत नाहीत. ते डोंगरापलीकडे, एल बोल्सोनच्या खोऱ्यात पिकतात. म्हणून दर मार्चमध्ये वेलींवरची फुलं उतरवून सुकवली, की आमच्या बिअर मंडळाची माणसं गाडी घेऊन वर जातात आणि सगळ्या गावाचे वर्षाचे हॉप्स एकदम घेऊन येतात. घाऊक घेतले तरच परवडतं. एक जात कडवटपणासाठी, एक वासासाठी. कडवटपणासाठी नगेट, त्यात फार डोकं लावावं लागत नाही. भांडण होतं ते वासाच्या जातीवरून. कॅस्केड तर हवीच, पण कुणाच्या मळ्यातली? एकदा पोती घरी आली की चांगली असोत, वाईट असोत, पुढच्या मार्चपर्यंत सगळ्या गावानं तेच प्यायचं.

एवढा निर्णय दहा जणांवर सोडता येत नाही. म्हणून मंडळात एक नाक असतं. त्याला खरंच तसं म्हणतात, नाक. ते नाक होतं उलिसेस. तो आधी पोत्यात हात घालणार, फुलं चुरडणार, हुंगणार आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणणार. तोवर दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.

त्या मार्चमध्ये उलिसेसबरोबर दोघं गेली. गॅरेजवाला नेमेसियो आणि मंडळाचा खजिना सांभाळणारी एल्विरा. म्हणायला पोती उचलायला. खरं म्हणजे उलिसेसवर नजर ठेवायला.

कारण गावात कुजबुज होती, की नाक विकलं गेलंय.

*

(गाडीत, उलिसेस पेट्रोल भरायला उतरला असताना)

"तुला सांगतो एल्विराबाई, मी डोळ्यांनी पाहिलं. त्याची गाडी ओर्तेन्सियाच्या दारात."

"ती विधवा बाई आहे, नेमेसियो. माणूस चौकशीला जातो."

"चौकशीला! तिचाही कॅस्केडचा मळा आहे, विसरलीस? चौकशी करायची तर माझ्या आईची कर म्हणावं, तीही विधवा आहे."

"तुझ्या आईकडे कोण जाईल? ती काठी घेऊन बसते."

"हसू नकोस. तू ठरवणार आहेस म्हणून सांगतोय. आज त्यानं आपल्या नेहमीच्या फाउस्तोच्या मालाला नाक मुरडलं आणि ओर्तेन्सियाचं नाव घेतलं, की समज."

"आणि नाही घेतलं तर?"

नेमेसियोनं खिडकीबाहेर बघितलं. "तर तो आपण समजतो त्याहून हुशार आहे."

*

एल्विराला हे काम नको होतं. पण हिशेबात ती पक्की आणि भांडणात ती गप्प, म्हणून मंडळानं तिच्यावर सोपवलं होतं: संशय खरा निघाला तर उलिसेस नाक राहणार नाही. तिचा शब्द शेवटचा. उलिसेसला हे कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीची काच त्यानं वाटभर खाली ठेवली होती, गार वारा आत येत होता, आणि एल्विराला वाटलं, ह्याला ठाऊक आहे.

*

फाउस्तोकाकाचं सुकवणघर म्हणजे पत्र्याची उंच पडवी. दारातच लाकडाचा जाळ, जाळाशेजारी लोखंडी सळीवर उभं लावलेलं कोकरू. गिऱ्हाईक आलं की आधी 'माते' नावाच्या कडवट चहानं भरलेला भोपळ्याचा पेला हातात देणार, मग मांस, मग माल. ही त्याची बापापासूनची रीत.

नगेट पटकन झालं. उलिसेसनं चुरडलं, मान हलवली, नेमेसियोनं पोतं गाडीत टाकलं.

मग कॅस्केड. फाउस्तोकाकानं भाव सांगितला आणि एल्विरा दचकली. तो भाव ऐकून आनंद व्हायला हवा होता.

"एवढा कमी का, काका?"

"तुम्ही जुनी माणसं."

"मागच्या वर्षीही जुनीच होतो."

"मागच्या वर्षी तू भाव केला नव्हतास."

"केला होता. तुम्ही कोकराची शपथ घेतली होती."

म्हातारा हसला, पण नेमेसियो हसला नाही. त्यानं एल्विराच्या कानात सांगितलं, "जुना माल. गेल्या सालचा. वरून नवा थर."

बघता येतं ते. जुन्या हॉप्सला शिळ्या चीजसारखा, घामट मोज्यासारखा वास येतो. फुलातली पिवळी पूड तांबूस पडते. उलिसेसनं पहिल्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढली. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. फुलं हिरवीगार. मधली काडी वाकवली की टचकन मोडत होती. पूड मोहरीच्या फुलासारखी पिवळी. एल्विरानं मनातल्या मनात फाउस्तोकाकाची माफी मागितली.

उलिसेसनं तळवे घासले, गरम होईपर्यंत घासले, नाकाशी नेले आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"धूर आहे."

*

जानेवारीतला वणवा सगळ्यांनी पाहिला होता. पण तो नदीपलीकडे, डोंगराच्या त्या अंगाला. फाउस्तोकाकाच्या मळ्याचं पानही जळलं नव्हतं.

"माझ्या मळ्यात धूर?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "ये, माझ्या वेली मोज. एक जळकी काडी दाखव, सगळी पोती फुकट घेऊन जा!"

"जळालं असं मी म्हणत नाही, काका. फुलं भरायच्या वेळी खोऱ्यात धूर बसून होता. फुलांनी तो घेतला."

"आणि तो तुला एकट्याला दिसतो?"

"दिसत नाही. येतो."

नाक 'नाही' म्हणालं की विषय संपतो, ही रीत. पण त्या दिवशी एल्विरानं रीत मोडली. तिनं पोत्यात हात घातला. उलिसेसनं तिच्याकडे बघितलं फक्त.

तिनं चुरडलं, हुंगलं. ताजं सोललेलं पपनस. देवदाराचा चीक. पावसानंतरचं गवत. धूर? तिनं डोळे मिटून शोधला. नव्हता. नेमेसियोनं हुंगलं. नव्हता. नेमेसियोनं मुद्दाम नाकपुड्या फेंदारून पुन्हा हुंगलं आणि म्हणाला, "मला तर एकच वास येतोय, आणि तो हॉप्सचा नाही."

"तोंड सांभाळ, लेका," उलिसेस म्हणाला.

"का? कुत्रं सोडशील माझ्यावर? ते तरी तुझं आहे का, की तिचं?"

उलिसेस तळव्यांवरची पूड झटकत राहिला. एल्विराला तेच खटकलं. निरपराध माणूस निदान शिवी देतो.

"इथं जाळाजवळ नको," तो तिला म्हणाला. "बाहेर चल. वाऱ्यात."

ती गेली. तिला न्यायानं वागायचं होतं. कुंपणाशी, जाळापासून लांब, वाऱ्याकडे तोंड करून तिनं पुन्हा एक मूठ चुरडली. अंगावर तिचा नेहमीचा लोकरीचा कोट होता, डोक्याला रोजचा रुमाल. तिनं इतका जोरात श्वास घेतला की पूड नाकात गेली आणि ती शिंकली.

"काही नाही, उलिसेस. देवाशपथ, काही येत नाही."

"मला येतो."

"मग काय करायचं म्हणतोस?"

तो समोरच्या पोपलर झाडांच्या रांगेकडे बघत म्हणाला, "ओर्तेन्सियाचा मळा वारा येतो त्या बाजूला आहे. तिच्याकडे धूर पोचला नाही. महाग पडेल. पण स्वच्छ आहे."

झालं. नाव आलं.

*

विकलं गेलेलं नाक असंच बोललं असतं. चोख माल नाकारला असता, न दिसणारी, न पकडता येणारी खोट काढली असती आणि शेवटी विधवेच्या दारात नेऊन उभं केलं असतं.

न विकलं गेलेलं नाक कसं बोललं असतं?

एल्विरानं विचार केला. तेही असंच बोललं असतं. शब्द न् शब्द.

मग तिला आठवलं, की वाटभर त्यानं खिडकी उघडी ठेवली होती. की गेल्या हिवाळ्यात तो मंडळाच्या जेवणांना क्वचितच आला, आणि आला तेव्हा दाराबाहेर उभा राहून प्याला. लपवायला काही असलं की माणूस उजेडापासून लांब बसतो. आणि तिला हेही आठवलं, की मत सांगताना तो नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघत असे. आज पोपलरकडे बघितलं.

इतकं सगळं आठवल्यावर माणसाला अजून काय लागतं?

"घेऊ या, काका," ती फाउस्तोकाकाला म्हणाली. "सगळी पोती."

नेमेसियोनं एकट्यानं ती गाडीत चढवली. उलिसेसनं हात लावला नाही. परतताना तो मागे पोत्यांवर बसला, पुढे जागा असून. चोलिला आलं तेव्हा तो उतरला, कपडे झटकले आणि एल्विराला म्हणाला, "माझा वाटा तुम्ही घ्या. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला न्या."

"आम्ही तुला काही म्हटलं नाही," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. "नाहीच म्हटलं."

*

(जुलै, ऐन हिवाळा. एल्विराच्या स्वयंपाकघरात मंडळ जमलेलं. लोखंडी शेगडी लालबुंद. खिडक्यांवर वाफ.)

"ओत, ओत. फेस बघ कसा बसलाय!"

"हुंगा रे सगळ्यांनी. कुठाय धूर? एल्विराबाई, तुझ्या पेल्यात आला का? बघ तळाशी बसला असेल."

"नेमेसियो, पुरे."

"पुरे का? चार महिने आम्ही ऐकतोय, धूर, धूर. पपनस आहे पपनस! ह्याला म्हणतात कॅस्केड. आणि ते नाक बसलंय घरी, दार लावून."

"ओर्तेन्सियाकडे नाही बसलं?"

सगळे हसले. एल्विराही हसली. तिनं घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला. उत्तम होती. मनातला शेवटचा काटा निघाल्यासारखं तिला वाटलं.

*

ऑगस्टमध्ये तिची मुलगी यानिना आली. ती समुद्रकाठी मादरिनला राहते, नळाच्या गॅसवर रांधते. आल्या आल्या तिनं नेहमीसारखं आईच्या गळ्यात पडून म्हटलं, "आई, तुझ्या केसांना घराचा वास येतो." मग टेबलाशी बसली. एल्विरानं तिच्यापुढे पेला ठेवला.

यानिनानं एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला, हुंगला.

"हे काय आहे?"

"बिअर. ह्या वर्षीची."

"जळली का उकळताना?"

"नाही."

"आई, राख आहे ह्यात. विझवलेल्या शेकोटीवर पाणी ओतावं तशी लागते. तुला येत नाही?"

एल्विरानं तिच्या हातातला पेला घेतला आणि बिअर चाखली. पपनस. देवदार. ती पुन्हा प्यायली. मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती मस्करी करत नव्हती, किंवा फार चांगली करत होती. लहानपणी तिला उलिसेसच्या गाडीत पुढे बसायला आवडायचं. नाताळला ती अजून त्याला फोन करते.

शेगडीतलं लाकूड तडकलं.

"खरं सांग," एल्विरा म्हणाली. "उलिसेसचा तुला फोन आला होता का?"

*

उलिसेसची बायको पेर्ला हिच्या छातीचं दुखणं वाढून घरी प्राणवायूची नळकांडी आली तेव्हापासून, म्हणजे त्या मार्चच्या आधीचे दोन हिवाळे, त्यांच्या घरात लाकूड पेटवलेलं नव्हतं.